पाईप मजबूत आहे, साहेब

सात आठवडे लागले. आधी लेथ, मग हार्ड क्रोम, मग ग्राइंडिंग. परवा नाना पेठेत माझ्या मॅचलेस जी-थ्री-एल मोटारसायकलचे दोन नवे फोर्क पाईप, म्हणजे पुढचं चाक धरणारे, आणायला गेलो, तर त्यातला एक भल्यामोठ्या पान्ह्याच्या दांड्यावर चढवलेला. पान्हा उसाच्या चरकाच्या नटावर. आणि पाईपच्या टोकाला एक रसवंतीवाला लोंबकळतोय.

गाडी लष्कराच्या लिलावातली. 1941 साली लंडनच्या प्लमस्टेडमध्ये आधीच्या जी-थ्रीचा गर्डर फोर्क, म्हणजे स्प्रिंग लावलेला सांगाडा, जाऊन या मॉडेलला टेलिड्रॉलिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तेलभरल्या पाईपांचा फोर्क आला, त्याचं सैनिकांना केवढं कौतुक! मधल्या मालकाला मात्र चॉपरची, म्हणजे पुढचं चाक लांब काढलेल्या गाडीची हौस. त्याने पाईपला सहा-सहा इंची तुकडे वेल्ड केले. तेव्हापासून वेग कमी झाला की हँडल आपणहून एका बाजूला पडतं. हा मालक बायकोचा मामा लागतो, म्हणून इथेच थांबतो.

"अहो, तो माझा पाईप आहे!"

"हो, नवाच दिसतोय," म्हणत तो पुन्हा लोंबकळला.

मी कोपऱ्यातले जुने दाखवले. "ते घ्यायचे ना! सहा इंचांनी जास्त लांब आहेत, जोर जास्त मिळेल."

"ते वेल्डिंगचे. जोर पडला की तिथंच तुटणार." मग काळजीने, "गाडीला नका हां लावू असले. जीव जाईल."

हेच मी मामांना चार वर्षं सांगतोय.

"मग पैसे देऊन आखूड करून घेतले?"

"हो."

त्याने लेथवाल्या टर्नरकडे पाहिलं. टर्नरने माझ्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात नट सुटला. पाईप निसटून रोलरच्या खाचांवरून खरवडत फरशीवर. क्रोमवर तीन ओरखडे, पट्टीने आखल्यासारखे. नख अडकतं. म्हणजे तिथे ऑइल सीलची कड कापणार आणि तेल गळणार.

"मजबूत आहे पाईप, साहेब."

"पॉलिश पेपर मारून देतो," टर्नर. पॉलिश पेपरने बरी होत नाही अशी जखम या धंद्यात अजून झालेली नाही. सात आठवडे माझा फोन उचलला नाही, याचा चरक मात्र हातासरशी! का, तर "उन्हाळा आहे, त्याचा सीझन आहे." माझ्या गाडीचा सीझन 1945 सालीच संपला.

"या रस प्यायला. पैसे घेणार नाही," रसवंतीवाला म्हणाला.

काल गेलो. पाटीवर अर्थातच कानिफनाथ, चरक घुंगरू वाजवत झोकात फिरतोय. रस उत्तम होता, हेच जास्त लागलं. पैसे त्याने खरंच घेतले नाहीत. आलं-लिंबाचे दहा रुपये फक्त.