दात काढायला देशाबाहेर जावं लागू नये

दातांच्या उपचारासाठी परदेशी जाणाऱ्यांबद्दल बोलताना आपण सगळ्यांना एकत्रच मोजतो. तोंडभर इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेले कृत्रिम दात, बसवायला जाणारा माणूस, पुढचे दात पांढरेशुभ्र करून घ्यायला जाणारा तरुण आणि एक किडलेली, ठणकणारी दाढ काढून घ्यायला सीमा ओलांडणारी निवृत्त बाई. पहिल्या दोघांबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. इम्प्लांटचं काम महाग असतं, आधी ठरवून करता येतं, आणि विमानाचं तिकीट धरूनही पैसे वाचत असतील तर जरूर जावं. मला अस्वस्थ करतो तो तिसरा प्रवास. दात काढणं हे दंतवैद्यकातलं बहुधा सर्वांत जुनं आणि साधं काम. नेमकं त्याच्यासाठी माणसाला दुसऱ्या देशात जावं लागतं, ही गोष्ट मला मान्यच होत नाही.

मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेस नावाचं एक छोटं गाव आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या युमा शहरापासून अगदी जवळ, सीमेला खेटून. वस्ती पाच-सहा हजारांच्या आसपास आणि डेंटिस्ट काही शे. लोक त्याला ‘मोलर सिटी’ म्हणतात, म्हणजे दाढांचं शहर. अमेरिकेच्या बाजूला गाडी लावायची, पायी सीमा ओलांडायची, काम करून घ्यायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. हिवाळ्यात उत्तरेकडचे म्हातारेकोतारे उबेसाठी ॲरिझोनात उतरतात, तेव्हा परतीच्या रांगा लांबच लांब होतात. या गर्दीत बहुतेक माणसं साठी-सत्तरी ओलांडलेली दिसतात. असं का?

कारण १९६५ साली अमेरिकेत मेडिकेअर आलं, म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारी आरोग्यविमा, तेव्हाच त्यातून दात बाहेर ठेवले गेले. दातांची निगा, उपचार, भरणं, काढणं, नवे बसवणं यांचा खर्च मिळणार नाही असं कायद्यातच लिहिलंय. ‘काढणं’ हासुद्धा शब्द त्यात आहे. काही अपवाद आहेत आणि अलीकडे ते थोडे वाढलेत, पण मूळ नियम तोच. म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया विम्यात बसते, पण त्याच शरीरातली पू झालेली दाढ बसत नाही. जबडा काय शरीराबाहेर असतो?

आणि ही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा दातही त्यात होते. चारच वर्षांत दातांच्या उपचारावर पेशंटकडून पैसे घेणं सुरू झालं. पुढे २००६ मध्ये इंग्लंडमधल्या डेंटिस्टांचा करार बदलला, आणि त्या करारात किचकट पेशंट घेणं परवडत नाही अशी त्यांची तक्रार आजही आहे. बीबीसीने २०२२ मध्ये चौकशी केली तेव्हा दहापैकी नऊ सरकारी सेवा देणारे दवाखाने नवे प्रौढ पेशंट घेत नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलला एक दवाखाना नव्याने उघडला, तर नाव नोंदवायला इतकी रांग लागली की पोलिसांना यावं लागलं. घरीच पक्कड घेऊन स्वतःचा दात स्वतः उपटल्याच्या बातम्या तिथे येतात. त्या वाचल्यावर स्वस्त दंतोपचारासाठी बुडापेस्ट किंवा इस्तंबूलचं तिकीट काढणाऱ्याला मी नावं ठेवू शकत नाही.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. प्रवास करून घेण्याजोगे जे उपचार आहेत, त्यांत दात काढणं सर्वांत शेवटी येतं. लोकांना वाटतं की दात काढला, कापूस दाबला, झालं. खरं काम तर त्यानंतर सुरू होतं. दात निघाल्यावर जो खळगा राहतो त्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्याखाली हाड भरत जातं. ती गुठळी निसटली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. ज्याला झालंय त्याला विचारा, कानापर्यंत कळ जाते. हे दुखणं साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतं. म्हणजे पेशंट घरी पोचलेला असतो तेव्हा. खालची अक्कलदाढ काढली असेल, सिगारेट ओढत असाल, तर धोका आणखी. उपाय अवघड नाही. खळगा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवायची, गरज पडेल तशी बदलायची. पण ती ठेवणारं कुणीतरी जवळ हवं.

माझी एक मैत्रीण अशीच खालची अक्कलदाढ परदेशात काढून लगेच परत निघाली. काम नीट झालं होतं, डॉक्टर चांगला होता, तिची काही तक्रार नव्हती. विमानातच ठणका सुरू झाला. घरी आल्यावर जवळच्या दवाखान्यात गेली तर सांगितलं, ज्यांनी काढली त्यांनाच विचारा. दुसऱ्या दवाखान्यातही तेच. तिसऱ्या ठिकाणी एका डॉक्टरबाईंनी एक शब्दही न विचारता खळगा धुतला, पट्टी ठेवली आणि पुन्हा यायला सांगितलं. पहिल्या दोघांना कायद्याची भीती वाटली असेल, मला कळतं ते. पण ठणकत असलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं हा वैद्यकाचा धर्म नव्हे, मग दात कुणीही काढलेला असो.

ड्राय सॉकेट तरी आठवडा-दोन आठवड्यांत निवळतो. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या पोकळीला भिडलेली असतात. दाढ काढताना मध्ये भोक पडलं तर नाक शिंकरायलासुद्धा बंदी असते, आणि विमानातला हवेचा दाब अशा वेळी अजिबात नको असतो. खालच्या अक्कलदाढेची मुळं ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणाऱ्या नसेजवळून जातात. ती दुखावली तर ओठ बधिर राहतो, बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो, क्वचित कायमचा तसाच. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं घेणाऱ्यांचा जबडा कधी कधी दात काढल्यावर भरूनच येत नाही, आणि हे कळायला कित्येक आठवडे जातात. आता बघा, सीमेपलीकडे जाणाऱ्यांत म्हातारी माणसंच जास्त. रक्त पातळ करणारी गोळी आणि हाडांची औषधं घेणारीही तीच. ज्यांच्यावर दात काढल्यानंतर सर्वांत जास्त लक्ष ठेवायला हवं, नेमक्या त्यांनाच आपण काम संपल्या संपल्या रांगेत उभं करून परत पाठवतो.

आणखी एक गोष्ट मला खुपते. प्रवासाच्या घाईत काढायला नको असलेले दातही काढले जातात. मुळाचा उपचार म्हणजे रूट कॅनॉल, मग कॅप, याला वेळ लागतो, कधी दोन-तीन वेळा बसावं लागतं. पेशंट तर दोन दिवसांसाठी आलेला. अशा वेळी दात काढून टाकणं दोघांनाही सोयीचं वाटतं. पण दाढ गेली की शेजारची कलंडते, समोरची खाली किंवा वर सरकते, तिथलं हाड झिजत जातं. मग काही महिन्यांनी इम्प्लांट हवा असं कळतं आणि त्यासाठी पुन्हा प्रवास. आज स्वस्तात काढलेला दात उद्याच्या मोठ्या खर्चाचं कारण ठरतो. म्हणून निघण्याआधी एक्स-रे जवळच काढून घ्यावा आणि दात खरंच वाचण्यासारखा नाही ना, हे दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावं. त्यासाठीचे पैसे वाया जात नाहीत.

तरीही जाणार असाल तर माझं कळकळीचं सांगणं आहे. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या आणि विचारलं नाही तरी दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. काढल्यावर पाच-सहा दिवस तिथेच राहता येतं का बघा. राहण्याचा खर्च धरून हिशेब जमत नसेल, तर तो प्रवास स्वस्त नाहीच. काय केलं, कुठली भूल दिली, टाके विरघळणारे की काढायचे, हे लिहून घ्या, एक्स-रेची प्रत मागून घ्या. आणि निघण्याआधी गालावर सूज चढली असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला त्रास होत असेल, तर प्रवासाचा विचार सोडून थेट जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. दाताचा पू मानेत उतरला तर श्वास कोंडतो. यात अतिशयोक्ती नाही.

२००७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात डिमाँट ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा मुलगा गेला. किडलेल्या दाताचा जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, आठवडेच्या आठवडे हॉस्पिटलात काढले, खर्च अडीच लाख डॉलरच्या पुढे गेला. तो दात वेळेवर काढला असता तर ८० डॉलरच्या आसपास लागले असते, असं तेव्हा छापून आलं होतं. कुटुंब गरीब, सरकारी विमा मध्येच तुटलेला, आणि त्या विम्यावर पेशंट घेणारा डेंटिस्ट शोधणं हेच मोठं काम. त्याच्या मृत्यूनंतर मेरिलँडने मुलांच्या दातांसाठीच्या सोयी सुधारल्या, आणि २००९ मध्ये मुलांच्या सरकारी विम्यात दातांचे उपचार देणं देशभर सक्तीचं झालं. एवढं व्हायला एक मूल जावं लागलं.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. इम्प्लांट, कॅप, दात सरळ करणं, हे सगळं सरकारने द्यावं की नाही यावर वाद घालू. पण दुखरा, पू झालेला, वाचण्यापलीकडे गेलेला दात काढणं, आणि त्यानंतरचा आठवडाभर कुणीतरी तो खळगा बघणं, हे प्रत्येक सरकारी विम्यात पहिल्या दिवसापासून असायला हवं. ज्या डेंटिस्टकडे परदेशात दात काढून आलेला माणूस कळवळत येतो, त्याला तो तपासण्याचे रास्त पैसे मिळावेत आणि दुसऱ्याच्या कामाची जबाबदारी त्याच्या माथी मारली जाऊ नये. मग दारं बंद होणार नाहीत. हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी कॅनडाकडे बघावं. तिथेही दात वर्षानुवर्षं सार्वजनिक आरोग्यसेवेच्या बाहेरच होते. मे २०२४ पासून खाजगी विमा नसलेल्या, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी सरकारी दंतयोजनेतून उपचार सुरू झाले. सुरुवात म्हाताऱ्या माणसांपासून केली. आणि दात काढणं त्या योजनेत आहे.