एक तारखेचे पैसे

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी त्यांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या चुलत बहिणीच्या यूपीआयचं महिन्याचं स्टेटमेंट टाकलं. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, हॉस्टेलवर राहते, मेसचे पैसे वेगळे भरलेले असतात. स्टेटमेंटमध्ये १४३ एन्ट्र्या. चहा २० रुपये, झेरॉक्स १२ रुपये, रिक्षा ६०, सँडविच ९०, कुणाच्या तरी वाढदिवसाचं कॉन्ट्रिब्युशन १५०. खाली काकांनी लिहिलं होतं, "या पिढीला पैशाची किंमतच नाही." मग सगळेच सुरू झाले. कुणी म्हणालं फार लाडावून ठेवलंय, कुणी म्हणालं रोजचा हिशोब मागत जा, आणि एका दादांनी यूपीआय सर्कल चालू करायला सांगितलं, म्हणजे तिने पेमेंट केलं की रिक्वेस्ट काकांच्या फोनवर येणार आणि काकांनी पिन टाकल्याशिवाय पैसे जाणारच नाहीत.

रात्री तिचा मला फोन आला. "दादा, बाबांनी सगळ्यांना पाठवलं रे." पुढे तिला बोलताच येईना.

मी ते स्टेटमेंट शांतपणे परत वाचलं, आणि एक गोष्ट दिसली जी ग्रुपवर कुणीच बोललं नव्हतं. त्या १४३ मधल्या १९ एन्ट्र्या पैसे येण्याच्या होत्या. काकांकडून ३००, काकांकडून ५००, काकूकडून २००, परत काकांकडून ५००. सगळे मिळून ७,४०० रुपये. पुण्यातल्या मुलीला महिन्याला ही रक्कम काही डोक्यावरून पाणी नाही. पण ते ७,४०० एकरकमी तिच्या हातात कधी आलेच नाहीत. ती महिनाभर मागत होती, आणि तिला मिळत होते.

हे मला एवढं लागलं कारण पुण्यात चार वर्षं माझंही अगदी असंच चाललं होतं, संपले की फोन, फोन केला की पैसे, सोबत दोन वाक्यं ऐकायची आणि झालं. ऑक्टोबर २०२२ ला मी मास्टर्ससाठी जर्मनीत आखेनला आलो. इथे येणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना व्हिसासाठी एका ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, इथे त्याला श्पेरकोन्टो म्हणतात, वर्षाचे पैसे आधीच भरून दाखवावे लागतात. माझ्या वेळी ते १०,३३२ युरो होते, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाले. पैसे तुमचेच, पण महिन्याला बाराव्या हिश्शाच्या वर काढता येत नाहीत. मला ८६१ मिळायचे. भाडं ३२०, हेल्थ इन्शुरन्स १२० च्या आसपास, रेडिओ-टीव्हीची फी महिना १८.३६ (घरात टीव्ही नसला तरी द्यावी लागते, आम्ही तिघं वाटून घ्यायचो), उरलेल्या साधारण चारशेत जेवण, कपडे, फोन, सगळं.

नोव्हेंबरच्या १७ तारखेला माझ्याकडे ३८ युरो होते. थंडीचं जॅकेट आणि बूट घेतले होते ते ठीक, पण बाकीचे गेले कुठे ते कळेना. इथे २०२० पासून दुकानदाराला प्रत्येक खरेदीची पावती द्यावीच लागते, त्यामुळे माझ्या जॅकेटच्या खिशात आणि बॅगेत पावत्यांचा नुसता चुरा झाला होता. त्या रात्री मी सगळ्या पावत्या खोलीत जमिनीवर मांडल्या आणि गठ्ठे लावले. सकाळी स्टेशनवर एक ब्रेड आणि कॉफी, त्याचेच सगळे मिळून ४६ युरो निघाले. बाबांना फोन करू शकलो असतो, त्यांनी दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन पाठवले असते, पण कर्ज काढून त्यांनी ते वर्षाचे पैसे भरले होते, माझी जीभच उचलली नाही. खोलीत रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या साठल्या होत्या. इथे बाटली परत केली की डिपॉझिटचे २५ सेंट मिळतात. ३१ बाटल्यांचे ७.७५ युरो आले, त्यात बटाटे, अंडी आणि तांदूळ घेतले. १७ तारखेला ३० तारखेचा विचार करायचा असतो हे मला तेव्हा, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पहिल्यांदा कळलं.

ग्रुपवर आत्या म्हणाली, तुमच्या तिकडे अठरा वर्षं झाली की मुलांना घराबाहेर काढतात, ते आपल्याकडे नको. आत्या, ते तसं नाहीये. इथे पहिलं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलांचा खर्च करणं आईवडिलांवर कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि मूल शिकत असेल तर २५ व्या वर्षापर्यंत सरकार त्यांना बालभत्ता देतं, २०२५ मध्ये तो महिना २५५ युरो होता. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जर्मन मुलांना घरून पैसे यायचे. फरक एवढाच की बँकेत स्टँडिंग ऑर्डर लावलेली असायची, एक तारखेला एकदाच यायचे, आणि मग महिनाभर पैशावरून फोन नाही.

पण इथलं सगळं उचलून तिकडे नेता येत नाही, हेही मला मान्य आहे. मी कमी पडलो तर कमवू शकत होतो. स्टुडंट व्हिसावर वर्षाला ठराविक दिवस काम करायची परवानगी असते, आता १४० पूर्ण दिवस, आणि मी आलो त्याच महिन्यात किमान वेतन तासाला १२ युरो झालं होतं. इन्स्टिट्यूटमध्ये आठवड्याला दहा तास काम मिळालं आणि श्वास घेता आला. माझ्या बहिणीला ७५ टक्के अटेंडन्स, पाचपर्यंत प्रॅक्टिकल्स आणि हॉस्टेलचं गेट सांभाळून तासावर काम कोण देणार? आणि दिलंच तर ग्रुपवर काय बोलणं होईल ते मला माहितीये. याचं फार वाईट वाटतं, कारण कमवा आणि शिका ही काही जर्मनीची कल्पना नाही, ती आपल्या सातारची आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात राहून, कष्ट करून शिकली. पुणे विद्यापीठातही ही योजना आहे, पण ती गरिबांच्या मुलांसाठी असं आपणच ठरवून टाकलंय.

काकांची भीती खोटी नाही. लोन ॲप्सनी मुलांचे काय हाल केले ते आपण पाहिलंय, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राला कायद्याने बंदी आणावी लागली. पण प्रत्येक चहाला बापाचा पिन लागला तर ती नोकरीला लागेपर्यंत निर्णय कधी घेणार? म्हणून मी काकांना फोन केला. म्हटलं काका, तुम्ही आणि बाबा कोल्हापूरला शिकत होतात तेव्हा गावाहून एसटीने डबा यायचा आणि आजोबांची मनीऑर्डर महिन्यातून एकदाच. मधे संपले तर? काका म्हणाले, "मधे संपून चालायचंच नाही."

मग ठरलं. तेवढेच ७,४०० रुपये, एक तारखेला, एकदाच. आजारपण, फी आणि घरी यायचं तिकीट यातून बाहेर. हिशोब विचारायचा नाही, स्टेटमेंट मागायचं नाही, आणि ग्रुपवर तर अजिबात टाकायचं नाही. काकूने मधे गुपचूप पाठवायचे नाहीत, हे मी दोनदा सांगितलं.

आज २३ तारीख आहे. तिच्याकडे ४१० रुपये उरलेत, हे तिने आपणहून मला सांगितलं आणि विचारलं की दादा, रिक्षा बंद करून पीएमपीचा बसपास काढायला आता उशीर झाला का. काकांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला, पाठवू का रे थोडे म्हणून. मी म्हटलं काका, आठ दिवस थांबा.