हात रिकामे आहेत ना तुमचे?

"काका, हॉलमध्ये भाजी निवडायला परवानगी नाही."

परवा मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला, गळ्यात निळ्या दोरीचं ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा मला हे म्हणाला. आधी 'काका' लागलं, भाजीचं नंतर लागलं. माझ्या मांडीवर वर्तमानपत्र होतं आणि त्यावर मेथीच्या काड्यांचा ढीग. "ही मेथी माझी नाही," मी म्हणालो. तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." सगळे म्हणजे कोण? या सभागृहात रोज मेथी सापडते की काय?

झालं असं की, आमच्याकडे सध्या माहितीपटांचा आठवडा चालू आहे. प्रवेश मोफत. मी वेळेवर गेलो (ही माझी पहिली चूक) आणि माझ्या आवडत्या चौथ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर एक कापडी पिशवी बसली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "धरलीय." कोणासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा मेथीसाठीच. मी त्यांच्या पलीकडे बसलो. मग चाळीस मिनिटं पाहुण्यांनी 'माहितीपटाचं समाजातलं स्थान' सांगितलं. ते स्थान भाषणाच्या नंतर आहे, एवढं समजलं.

दिवे गेले आणि 'हनीलँड' सुरू झाला. उत्तर मॅसेडोनियातलं ओस पडलेलं गाव, वीज नाही, नळ नाही. हातिजे नावाची बाई अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईला सांभाळते आणि कड्याकपारीतल्या मधमाश्या पाळते. इतक्यात माझ्या उजव्या कानाशी कट्, कट् असा आवाज यायला लागला. मला वाटलं ध्वनियोजना. काय बारकावा टिपलाय, असंही मनात आलं. मग मेथीचा वास आला.

"अंधारात दिसतं तुम्हाला?" मी कुजबुजलो.

"मेथी डोळ्यांनी नाही, बोटांनी निवडतात," काकू म्हणाल्या. "ती बघा, ती तरी कुठे बघतेय पोळ्यात."

खरंच बघत नव्हती. उघड्या हाताने माश्यांमध्ये सहज वावरत होती.

मग काकूंचं समालोचन सुरू झालं. हातिजे मध विकायला राजधानीत जाते आणि येताना आईसाठी केळी आणि स्वतःसाठी केसांचा रंग घेते. "एवढ्या डोंगरात राहून केस रंगवते बघा," काकू म्हणाल्या, "आणि आमची जाऊ म्हणते, कोण बघतंय!" पुढे शेजारी सात पोरं आणि गुरंढोरं घेऊन एक कुटुंब येऊन राहतं, त्यांनाही मधाचा नाद लागतो, आणि एक व्यापारी आणखी मध मागत मागे लागतो. काकूंनी जुडी मांडीवर आपटली. "आला मेला! व्यापारी आला की संपलं. आमच्या गावाला कांद्याचं हेच झालं." तीन रांगा पुढचे एक गृहस्थ वळून "शूः" म्हणाले. माझ्याकडे बघून.

हातिजेचा नियम साधा आहे: अर्धा मध माश्यांना, अर्धा आपल्याला. ते पडद्यावर आलं आणि काकूंनी उरलेल्या जुडीचे दोन भाग करून एक माझ्या मांडीवर ठेवला. "अर्धी तुम्ही, अर्धी मी. हात रिकामे आहेत ना तुमचे?"

आता यावर काय बोलणार. निवडली. पाच मिनिटांनी त्यांनी माझा ढीग चाचपला आणि म्हणाल्या, "कोवळे देठ टाकताय तुम्ही. घरी कधी केलं नाही वाटतं."

माझा खरा राग मात्र काकूंवर नाही. सिनेमा तुर्की भाषेत, खाली इंग्रजी सबटायटल, आणि प्रोजेक्टर असा लावलेला की सबटायटलची दुसरी ओळ पडद्याखाली भिंतीवर, स्पीकरच्या मागे. अर्ध्या मधाची ओळ एका रेषेत मावली म्हणून कळली तरी. निळ्या दोरीवाल्याला मी दोनदा हात केला, तर म्हणाला, "फ्री आहे ना, काका." करणाऱ्यांनी तिथे तीन वर्षं काढली, चारशे तासांच्या वर चित्रीकरण केलं, दिव्याच्या नि शेकोटीच्या उजेडात. २०२० साली ऑस्करची दोन नामांकनं मिळाली. आणि इथे प्रोजेक्टरखाली एक वही सरकवायला कोणाला सवड नाही. फुकट दाखवलं म्हणजे कसंही दाखवलं तरी चालतं. चित्रीकरण करणाऱ्यांनाच ती बोली येत नसल्यामुळे पहिलं संकलन आवाज बंद ठेवून केलं होतं म्हणे, तेव्हा माझ्या तक्रारीत तसा दम नाही. पण ते नाइलाजाने, आणि हे आळसाने.

तसा हा आळस जुना आहे. फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे माहितीपट काढणारी सरकारी संस्था, १९४८ सालची, आणि लहानपणी टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी तिचा माहितीपट दाखवणं सक्तीचं असे. पडद्यावर पूर आलेला, पीक डोललेलं, आणि बाबा बाहेर भजी खात मला सांगायचे, "थांब, अजून सुरू नाही झालं." मी तेव्हा पाहिलेले सगळे माहितीपट शेवटच्या दोन मिनिटांचे आहेत. त्यात नेहमी धरणच असायचं.

दिवे लागले तेव्हा माझे डोळे ओले होते. शेवट तसाच आहे, सांगत नाही. डोळे पुसून बघतो तर काकू निवडलेली मेथी, पिशवी, सगळं घेऊन पसार. काड्या माझ्याकडे. आणि मग तो मुलगा.

काल जाणार नव्हतो, पण गेलो. चौथ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर रुमाल होता. "बसा," काकू म्हणाल्या, "तुमच्यासाठीच धरलीय."

"आज मी काही निवडणार नाही."

"नका निवडू. सिनेमा कसला आहे?"

'सेल्युलॉइड मॅन' होता. पी. के. नायर, आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे. जुन्या सिनेमांची रिळं गोळा करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. फाळक्यांच्या सिनेमांचं जे काही उरलंय, त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे.

"म्हणजे डबे जपणारा माणूस," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांनीही जपलेत. माळा भरलाय. किती वेळाचा आहे?"

"पावणेतीन तास."

त्यांनी पिशवी उघडून आतल्या मटारांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आधी सांगायचं नाही का? लसूण आणला असता."