पंधरा वर्षे झाली म्हणून गाडी भंगारात जात नाही

माझे मामा मिरजेला राहतात. फेब्रुवारी २०११ मध्ये नोंदलेली, ७८ हजार किलोमीटर चाललेली पेट्रोलची वॅगन-आर त्यांच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी फोन करून सांगितले, की गाडी ३५ हजारांना द्यायचे ठरले असून परवा माणूस येऊन ती घेऊन जाईल. एवढी घाई कशासाठी, असे विचारल्यावर त्यांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक मजकूर मला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला आणि वर म्हणाले, "अरे, सरकारी नोकरीतल्या माणसाने पाठवलेय, खोटे कसे असेल?" तोच मजकूर त्याच दिवशी माझ्या कार्यालयातल्या दोघांकडेही पोहोचला होता.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे. नव्या कायद्यानुसार पंधरा वर्षे पूर्ण झालेली प्रत्येक गाडी आपोआप भंगारात निघणार आहे आणि ती दारातून उचलली जाणार आहे. अशा गाडीला पंपावर पेट्रोल मिळणार नाही आणि तिचा विमाही निघणार नाही. वर्षभराचा दुरुस्तीखर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी विकायची, हा 'जाणकारांचा नियम' आहे. नवी गाडी घेतली तर वाचलेल्या पेट्रोलमध्येच हप्ता निघतो. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या इंजिनाची राख करते. नवी गाडी अधिक सुरक्षित असते. शेवटी, 'जुन्या गाड्या घरपोच उचलू' असे सांगणारा एक फोन क्रमांकही आहे. माझ्या मते मजकुराचा खरा हेतू त्या शेवटच्या ओळीत आहे, पण तो बाजूला ठेवून मुद्द्यांकडे वळतो.

सर्वांत घातक दावा पहिला आहे, कारण त्याच्या धास्तीने माणसे चालती गाडी मिळेल त्या भावाला देऊन टाकत आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ४१ काढून वाचावे. त्याच्या उपकलम ७ प्रमाणे खाजगी गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र पंधरा वर्षे वैध असते आणि त्याचे नूतनीकरण करता येते. ते नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. म्हणजे पंधरा वर्षांनी संपते ती कागदाची मुदत, आणि ती वाढवण्याची सोय त्याच कलमात आहे. ज्याला आपण रि-पासिंग म्हणतो ते हेच. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करायचा, विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) चालू ठेवायचे, ठरलेल्या दिवशी गाडी आरटीओत न्यायची आणि निरीक्षकाला चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) क्रमांक, दिवे, ब्रेक, टायर तपासू द्यायचे. गाडी योग्य ठरली की पुढील पाच वर्षे ती पूर्वीइतकीच कायदेशीर असते.

मग ही अफवा आली कुठून? दोन खऱ्या गोष्टींची मोडतोड करून. पहिली गोष्ट म्हणजे २०२१ चे वाहन भंगार धोरण. ते खाजगी मालकासाठी ऐच्छिक आहे. अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढून प्रमाणपत्र घेतले, तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते, एवढाच त्यातला आपल्यापुरता भाग. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण बंद, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला तो सरकारी वाहनांना. मजकूर लिहिणाऱ्याने त्यातला 'सरकारी' हा शब्द गाळला. दुसरी गोष्ट दिल्लीची. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाचे निर्बंध आले आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. पुढे १२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली आणि डिसेंबरमध्ये तो दिलासा बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी मानक) व त्यापुढच्या गाड्यांपुरता मर्यादित केला. हे सगळे तिथल्या हवेच्या प्रश्नावरचे, तिथल्यापुरतेच आदेश आहेत. सांगली जिल्ह्यातल्या एमएच-१० गाडीचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. सरकार जुनी गाडी उचलत नसले, तरी ती ठेवणे महाग करत आले आहे. कारच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. अर्जाला उशीर केला तर दरमहा ५०० रुपये आणखी. नूतनीकरण न करता गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे आणि तशी गाडी पकडली गेली तर तक्रारीला जागा नाही. पण पाच वर्षांसाठी ५,००० म्हणजे वर्षाला हजार रुपये पडतात, आणि त्या धास्तीने मामा किमान १५ हजारांचे नुकसान सोसायला निघाले होते, कारण त्यांच्या नेहमीच्या फिटरने गाडीची किंमत ५० हजार सांगितली होती.

घाईच्या विक्रीत आणखी एक फास असतो. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी नेली जाते, पण नाव बदलायला कोणी जात नाही. उद्या त्या गाडीने कोणाला धडक दिली, तर नुकसानभरपाईची नोटीस आरसी बुकावरच्या मालकाला येते. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलेले आहे. मामांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा गप्प झाले.

पेट्रोल न मिळण्याच्या दाव्यासोबत पंपावरील कॅमेऱ्याचे छायाचित्र जोडलेले होते. ते मोठे करून पाहिले, तर समोर उभ्या गाडीच्या पाटीवर 'डीएल' ही अक्षरे स्वच्छ दिसत होती. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून असा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. महाराष्ट्रात तो कधी नव्हताच. विम्याचेही तसेच आहे. त्रयस्थ पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणारा, त्याच अधिनियमाच्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावरील प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे आणि जुन्या गाड्यांनाही तो मिळतो. झीरो डेप्रिसिएशनसारखे (भरपाईतून घसारा न कापणारे) संरक्षण इतक्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत आणि पूर्ण विम्यासाठी कंपनी आधी गाडी पाहून घेते, इतपत त्यात तथ्य आहे.

आता त्या 'निम्म्या किमतीच्या' नियमाकडे येतो. तो शहाणपणासारखा वाटतो म्हणून अधिक फसवा आहे. मामांनी गेल्या वर्षी क्लच सेट, पुढचे शॉकॲब्सॉर्बर, दोन टायर आणि बॅटरी यांवर मिळून २७,५०० रुपये खर्च केले. गाडीची किंमत ५० हजार, निम्मे २५ हजार, म्हणून गाडी विका, असा हिशोब त्यांनी वहीत मांडून ठेवला होता. त्यांना मी एवढेच विचारले, की उद्या एखाद्याने हौसेने ८० हजार देऊ केले तर? मग निम्मे ४० हजार होतात आणि तीच गाडी, तोच खर्च, एका रात्रीत योग्य ठरतो. उलट आणखी काही वर्षांनी किंमत आठ हजारांवर आली, तर साडेचार हजारांची एक बॅटरी बदलल्याबरोबर चालती गाडी या नियमाने बाद ठरेल. बाजार गाडीला काय देईल आणि ती चालवायला काय लागेल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय टायर, बॅटरी आणि क्लच ही एका वर्षाची उधळण नाही, ती पुढची तीन-चार वर्षे पुरतात. त्यांचा सगळा भार एकाच वर्षावर टाकणे म्हणजे वर्षाचे धान्य भरले त्या महिन्यात घर बुडाले असे म्हणण्यासारखे आहे.

तुलना करायचीच, तर जुनी गाडी ठेवण्याचा वर्षाचा खर्च आणि नवी गाडी बाळगण्याचा वर्षाचा खर्च यांची करावी. सहा लाख एक्स-शोरूम किमतीची छोटी पेट्रोल गाडी घेतली असे धरू. विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे पाचव्या वर्षी तिची किंमत निम्मी धरतात, म्हणजे वर्षाला सरासरी ६० हजार रुपये नुसते उभ्या उभ्या झिजतात. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता १०,३७९ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख २३ हजार, म्हणजे वर्षाला साडेचोवीस हजार. हे झाले साडेचौऱ्याऐंशी हजार. अकरा टक्क्यांनी ६६ हजार रुपयांचा एकरकमी रस्ता कर आणि नव्या गाडीच्या विम्याचा मोठा हप्ता त्यात धरलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, हे खरे, पण ती सवलत धरूनही हिशोब मामांच्या २७,५०० च्या जवळपास येत नाही.

पेट्रोलच्या बचतीत हप्ता निघण्याचा दावा तर तोंडी हिशोबातच कोसळतो. मामांची गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर चालते. लिटरला १४ ऐवजी २० किलोमीटर मिळाले, तर १०७ लिटर वाचतील, म्हणजे १०५ रुपयांच्या दराने वर्षाला साधारण सव्वाअकरा हजार. तेवढ्यात एका महिन्याचा हप्ता निघतो, उरलेले अकरा कोणी भरायचे? ज्याची गाडी रोज शंभर किलोमीटर धावते त्याचा हिशोब वेगळा येईल, आणि तो त्याने जरूर मांडावा.

इथेनॉलच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते, आणि जुन्या गाड्यांत काही रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. नळ्या आणि गॅस्केट बदलण्याचा हा खर्च आहे. त्यासाठी अख्खी गाडी बदलणे म्हणजे चप्पल तुटली म्हणून पाय कापण्यासारखे आहे.

गाडी खरोखर केव्हा काढावी, हे मजकुरात कुठेच नाही. मामांच्या फिटरने ती रॅम्पवर चढवली आणि दाराखालच्या पत्र्यावर व चासीच्या कडेने स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत गेला. सगळीकडे टणक आवाज आला, एका जागी रंगाची खपली तेवढी निघाली. मालवण-रत्नागिरीकडच्या गाडीत याच जागी स्क्रूड्रायव्हर आरपार गेल्याचे त्याने पाहिले आहे, आणि तसे झाले की गाडी विकायची, मग ती दहा वर्षांची का असेना, असे तो म्हणाला. चासी सडणे, अपघातात ती वाकलेली असणे, इंजिन ऑइल पिऊन निळसर धूर सोडू लागणे, ही खरी कारणे. मामांच्या गाडीत यांतले एकही नाही.

उरला सुरक्षिततेचा मुद्दा, आणि तो मला खोडता येत नाही. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या आसनासाठी त्यानंतर. मामांच्या गाडीत एकही एअरबॅग नाही आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएसही नाही. गावात भाजी आणायला, फार तर सांगलीपर्यंत, ही गाडी पुरेशी आहे. पण पुण्याला जाताना ते महामार्गावर नातीला शेजारी बसवतात, हे मला पटत नाही, आणि त्यावर आमचे फोनवर बरेच वाजले.

शेवटी मामांनी परवा येणाऱ्या माणसाला नको म्हणून कळवले आणि फॉर्म २५ भरला. पुण्याचा प्रवास यापुढे रेल्वेने करायचे त्यांनी कबूल केले आहे. गाडी तपासणीला न्यायची तारीख मिळाली आहे, त्याआधी तेवढी पीयूसी काढायची राहिली आहे.