कुप्याच्या फिकट तुकड्यांबाबतच्या तक्रारीस उत्तर

नमस्कार,

आमच्याकडून नेलेल्या कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, तुकड्या आतून फिकट निघाल्या, तव्यावर टाकताच त्यांना पाणी सुटले आणि चव आंबूस लागली, म्हणून मासा शिळा होता असे आपण लिहिले आहे. आपली नाराजी रास्त आहे. पावती दाखवल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. मात्र मासा शिळा होता हे मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आपण जोडलेल्या छायाचित्रातच दिसते.

त्यात मधल्या काट्यालगतचे मांस पांढुरके व गढूळ आहे, तर कातडीकडचे अजून लाल आणि नितळ आहे. जुन्या माशाचे मांस हवा लागलेल्या बाजूने तपकिरी होत जाते. गाभ्यापासून बाहेर फिकट होत आलेले मांस ही मासा पकडताना फार झुंजल्याची खूण आहे. कुप्याच्या अंगातील रक्तवाहिन्यांची रचनाच अशी असते, की स्नायूंत तयार झालेली उष्णता बाहेर न जाता आतच राहते. त्यामुळे तो गळाला लागून किंवा जाळ्यात बराच वेळ तडफडला, तर शरीराचे तापमान 30 अंशांच्या वर जाऊ शकते आणि त्याच वेळी स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते. ऊन मांसात आम्ल वाढले की प्रथिने बिघडतात आणि त्यांना पाणी धरून ठेवता येत नाही. व्यापारात अशा माशाला ‘बर्न्ट’, म्हणजे ‘जळका’, म्हणतात. तो नीट थंड ठेवलेला असेल तर शिजवून खाण्यास अपायकारक नसतो, पण तव्यावर कोरडा पडतो.

हे टाळायचे ते बोटीवरच. मासा वर घेताच मेंदूत अणकुचीदार सळई घालून त्याची तडफड थांबवणे, छातीच्या पराच्या मागे चीर देऊन रक्त काढणे आणि बर्फ-पाण्याच्या घोळात तो पूर्ण बुडवणे, ही कामे लगोलग व्हावी लागतात. नुसत्या बर्फाच्या थराने मोठ्या माशाचा गाभा फार सावकाश निवतो. माझ्या मते तडफड लवकर थांबवण्याला सर्वाधिक महत्त्व आहे, कारण एकदा बिघडलेले मांस पुढे कितीही बर्फ घातला तरी सुधारत नाही. बाहेरून हा दोष दिसत नाही. म्हणून तुकड्या करण्यापूर्वी काट्यालगतचा काप अवश्य मागून पाहावा.

एक गोष्ट मात्र कृपया कळवावी. खाताना जिभेला चुरचुरले किंवा नंतर चेहरा लाल झाला असल्यास ते हिस्टामाइन या अपायकारक पदार्थाचे लक्षण असू शकते. मासा उबेत राहिला की जिवाणूंमुळे ते तयार होते आणि शिजवूनही जात नाही. तसे झाले असल्यास उरलेल्या तुकड्या खाऊ नयेत, डॉक्टरांना दाखवावे आणि आम्हाला त्वरित सांगावे, म्हणजे त्या खेपेतील उरलेला मासा विक्रीतून काढता येईल.