साखळी बॉललाच गुंडाळायची, तर लावायची कशाला?

काल रात्री ताईचा सांगलीहून फोन. "अरे, ते ट्रेलरच्या साखळीचं खरंय का? तो म्हणतोय, मी तसंच करणार." तो म्हणजे माझा भाचा. इथे ब्रिस्बेनलाच असतो आणि पुढच्या आठवड्यात प्राडोमागे कॅम्पर ट्रेलर जोडून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कला निघालाय. आणि 'ते' म्हणजे गेले पंधरा दिवस इथल्या आपल्या सगळ्या ग्रुपांवर फिरणारा 'ऑफ-रोड ट्रेलर: अनुभवी चालकांचे पाच मंत्र' हा मेसेज. मला तो चौघांनी पाठवला. तीनदा गप्प बसलो.

मंत्र थोडक्यात असे. सेफ्टी चेन टो-बॉलच्या, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकवतात त्या गाडीमागच्या गोळ्याच्या, मानेभोवती गुंडाळा, सगळ्यात मजबूत भाग तोच. शॅकलऐवजी (पिन पिळून बंद करायची कडी) कॅराबिनर (स्प्रिंगच्या तोंडाची कडी) लावा, झटकन निघतो. दोन साखळ्या असतील तर एकमेकींवरून ओलांडू नका, वळताना ताणतात. साखळी भरपूर सैल सोडा. आणि कच्च्या वाटेवर तर काढूनच ठेवा, ट्रेलर कलंडला तर गाडीलाही घेऊन जाईल. वर शेपूट: 'आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्यांना कुठे असते चेन?'

पहिला मंत्र वाचूनच डोक्याला हात लावला. अरे बाबा, साखळी असते कशासाठी? बॉल, तो जिच्यावर बसतो ती टंग, टंगेला रिसीव्हरमध्ये, म्हणजे गाडीमागच्या चौकोनी नळीत, धरून ठेवणारी पिन आणि बॉलवर बसणारं ट्रेलरचं कपलिंग, यातलं काहीतरी एक दिवस दगा देईल म्हणून. आता पिन निसटली असं धर. टंग रिसीव्हरमधून बाहेर येणार, तिच्यावरचा बॉल कपलिंगला धरून ट्रेलरबरोबर जाणार, आणि बॉलच्या गळ्यातली तुझी साखळीही त्याच्याबरोबर जाणार. बॉलचा खालचा नट ढिला होऊन पडला तरी तेच. विहिरीत उतरताना दोराची दोन्ही टोकं आपल्याच कमरेला बांधण्यातला प्रकार आहे हा. गाडीला पक्क्या बसवलेल्या टो-बारच्या मूळ सांगाड्यावर, रिसीव्हरच्या दोन्ही अंगांना, साखळीसाठी भोकं दिलेली असतात. ती शोभेची नाहीत.

आणि 'सगळ्यात मजबूत भाग' म्हणे! रुतलेली गाडी बॉलला पट्टा अडकवून ओढताना बॉल तुटून गोळीसारखा सुटला आणि माणूस मेला, हे ऑस्ट्रेलियात एकदा नाही, अनेकदा घडलंय. बॉल ट्रेलर ओढण्यापुरता आहे. त्यावर आणखी कसला भरवसा टाकायचा नसतो.

कॅराबिनरचं. किल्ल्या अडकवायला उत्तम. शॅकल घ्यायचा तो डब्ल्यूएलएल, म्हणजे किती भार पेलतो, हे अंगावर कोरलेला. 10 मिलिमीटरच्या चांगल्या शॅकलवर बहुधा 1 टन लिहिलेलं असतं. ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही तो कितीही चकाकू दे, नको. झटकन निघतो हा गुण नाही, दोष आहे. माझंच सांगतो. केप यॉर्कच्या वाटेवरच्या लॉरा गावापुढच्या कच्च्या रस्त्यावर, जिथे पन्हाळीच्या पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखी हाडं खिळखिळी होतात, डिझेलला थांबलो तेव्हा सहज वाकून पाहिलं. शॅकलची पिन तीन आटे बाहेर आली होती. घट्ट पिळलेली, चांगल्या कंपनीची पिन. तेव्हापासून पिनच्या डोळ्यातून तार ओवून शॅकलच्या अंगाला पिळून टाकतो. केबल टायही चालतो, पण दर मुक्कामाला बघायचा.

ओलांडणं आणि सैलपणा यांचा निकाल एकाच ठिकाणी लागतो. लहान ट्रेलर कसे बांधावेत यावर इथल्या केंद्र सरकारची एक पुस्तिका आहे, व्हेइकल स्टँडर्ड्स बुलेटिन 1. त्यात साखळी शक्य तितकी आखूड ठेवायला सांगितलंय, कपलिंग सुटलं तरी ड्रॉबारचं, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचं, तोंड जमिनीला टेकता कामा नये असं म्हटलंय, आणि दोन असतील तर ओलांडून. ओलांडल्या की दोघींची झोळी होते आणि सुटलेला ड्रॉबार त्या झोळीत पडतो. नाहीतर त्याचं टोक नांगराच्या फाळासारखं रस्त्यात रुततं. वळताना ताणतात म्हणणाऱ्यानं एकदा दोन्ही तऱ्हांनी लावून, स्टिअरिंग पुरतं मोडून, खाली वाकून पाहावं. सरळ लावलेल्यांपैकी वळणाच्या बाहेरच्या अंगाची साखळी जास्त ओढली जाते.

बरं, एक कबूल करतो, नाइलाजानं. खड्ड्याखोंगळ्यात गाडी एकीकडे झुकते, ट्रेलर दुसरीकडे, तिथे अगदी ताठ साखळी खरंच नडते. थोडी ढील हवीच. पण 'भरपूर' नव्हे. जमिनीला घासणारी साखळी कडी कडीनं झिजते आणि वाळल्या गवतात ठिणग्या उडवते.

काढून ठेवण्याबद्दल फार लिहीत नाही. ट्रेलर कलंडतो तेव्हा कपलिंग जोडलेलंच असतं. गाडीला ओढलं तर ते ओढेल, साखळी काढून काय मिळवलं? शिवाय 2,500 किलोपर्यंतच्या, गाडीपासून सुटल्यावर आपोआप लागणारे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला निदान एक साखळी आणि त्यापुढे 3,500 किलोपर्यंत दोन, असा नियम आहे. डांबर संपलं म्हणून तो संपत नाही.

राहिली उसाची ट्रॉली. पिन निसटून मागची ट्रॉली रस्त्यात आडवी आणि मोळ्या पसरलेल्या, हे आमच्या सांगलीकडे कुणी पाहिलं नाही? आणि तो ट्रॅक्टर रांगत असतो. तू ताशी 80 नं जाणार, समोरून ट्रक येणार.

भाच्याला हे सगळं फोनवर ऐकवलं. तासाभरानं त्यानं फोटो पाठवला: साखळ्या टो-बारला, ओलांडलेल्या, डावीकडे शॅकल, पिनला तार. उजवीकडे लाल कॅराबिनर. "मामा, दुकानात एकच शॅकल शिल्लक होता." माझ्या गॅरेजमध्ये एक जादा पडलाय. शनिवारी घेऊन जातो.