पांढरा फॉस्फरस आणि दोन करारांमधली फट

आज दुपारी एका वाहिनीवरच्या चर्चेत एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने "पांढरा फॉस्फरस हे रासायनिक अस्त्र नव्हेच" असे ठणकावून सांगितले आणि सूत्रसंचालकाने निमूटपणे पुढचा विषय घेतला. तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. आमच्या प्रयोगशाळेत हा फॉस्फरस पाण्याखाली ठेवलेला असे, कारण साधारण तीस अंश तापमानाला तो उघड्या हवेत आपोआप पेट घेतो. एकदा त्याचा बारीकसा कण प्रयोगशाळेतील मामांच्या बोटाला चिकटला. हात पाण्यात बुडवला की धूर थांबे आणि बाहेर काढून पाणी निथळले की पुन्हा सुरू होई. चिमट्याने कण निघेपर्यंत हेच चालले होते.

२००४ मध्ये इराकमधील फालुजा शहरावर याच पदार्थाचे तोफगोळे पडले. ते केवळ उजेडासाठी होते, असे अमेरिकेने आधी सांगितले; नोव्हेंबर २००५ मध्ये मात्र शत्रूच्या लढवय्यांवर ते आग लावणारे अस्त्र म्हणून डागल्याचे पेंटॅगॉनला कबूल करावे लागले.

रासायनिक अस्त्रबंदी करार विषारी परिणामासाठी वापरलेल्या रसायनावर बंदी घालतो आणि फॉस्फरस मुख्यतः भाजून मारतो, त्यामुळे कायद्याच्या अक्षरापुरते त्या अधिकाऱ्याचे म्हणणे मान्य करावे लागते. वापराच्या हेतूची कसोटी नसती, तर पाणी शुद्ध करणारा क्लोरीनही बंदीत सापडला असता, हेही खरे. पण मग जाळणाऱ्या अस्त्रांविषयीचा १९८० चा करार तरी फॉस्फरसला अडवतो का? ज्या गोळ्याचे काम धूर किंवा उजेड करणे आहे आणि आग केवळ ओघाने लागते, तो गोळा त्या करारातून चक्क वगळला आहे! एका कराराने त्याला विष मानायचे नाही, दुसऱ्याने आग मानायची नाही, आणि माणसे मात्र हाडापर्यंत भाजायची, हे कोणत्या न्यायात बसते?

मामांचे बोट बरे झाले. त्यांच्याजवळ नळ होता, चिमटा होता, तासाभरात डॉक्टर मिळाले. १५ जानेवारी २००९ रोजी गाझा शहरातील संयुक्त राष्ट्रांच्या मदत केंद्रावर हेच गोळे पडले, तेव्हा तिथल्या कोठारांतले अन्न आणि औषधेही जळून गेली.

धूर करायला फॉस्फरसच लागतो असे नाही, त्याशिवायचे धूरगोळे सैन्यांकडे आहेत. म्हणून १९८० च्या करारातील ती सवलत निदान वस्तीवरच्या माऱ्यापुरती तरी रद्द झालीच पाहिजे.